सीडॉ समिती, जिनिव्हा: फुकट सेवा, लांब रांग आणि भारतासाठी बंद असलेली खिडकी

संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-हक्क करारावर नजर ठेवणाऱ्या जिनिव्हाच्या सीडॉ समितीबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, तिकडे तक्रार गेली की सरकारला हलावंच लागतं. कुणी म्हणतं, नुसता कागदांचा खेळ आहे, हाती काही लागत नाही. दोघांनीही बहुधा एक गोष्ट तपासलेली नसते, ती म्हणजे आपण नेमक्या कोणत्या खिडकीत उभे आहोत. समितीच्या खिडक्या तीन. एकीत देशांच्या अहवालांची तपासणी होते, दुसरीत एकेकट्या बाईची तक्रार घेतली जाते, तिसरीत गंभीर किंवा पद्धतशीर चाललेल्या अत्याचारांची चौकशी होते. भारताविरुद्ध काही मांडायचं असेल तर यातली फक्त पहिली उघडी आहे. ती फुकट आहे, संथ आहे, आणि तिथं मिळालेला कागद कुणी घरी आणून राबवला तरच त्याचा उपयोग होतो.

आधी यंत्रणेची तोंडओळख. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्याचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १८ डिसेंबर १९७९ रोजी मंजूर केला आणि ३ सप्टेंबर १९८१ पासून तो अमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीडॉ म्हणतात. कलमं ३०, सामील देश १८९. अमेरिकेनं १९८० मध्ये सही केली, पण पुढचं पाऊल आजवर टाकलेलं नाही. अंमलबजावणीवर नजर ठेवायला २३ तज्ज्ञांची समिती असते, प्रत्येकाची मुदत चार वर्षं. मुंबईच्या ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग २००९ ते २०१२ या काळात तिच्या सदस्य होत्या. करार लिहिणाऱ्यांनी समितीला वर्षाकाठी फार तर दोन आठवडे बैठकीसाठी दिले होते. कलम २० मध्ये तसं लिहिलेलंच आहे. पुढे वर्षाला तीन सत्रं होऊ लागली, तरी तुंबलेलं काम संपलं नाही, आणि अलीकडे संयुक्त राष्ट्रांच्या तिजोरीतल्या खडखडाटाचा फटका सत्रांनाही बसू लागला आहे. तारीख पुढे गेली म्हणून चिडण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

भारतानं ९ जुलै १९९३ रोजी कराराला मान्यता दिली. नियमाप्रमाणे पहिला अहवाल वर्षभरात द्यायचा आणि पुढे दर चार वर्षांनी. प्रत्यक्षात पहिल्या अहवालावर चर्चा झाली जानेवारी २००० मध्ये, दुसऱ्या-तिसऱ्यावर एकत्रित २००७ मध्ये आणि चौथ्या-पाचव्यावर एकत्रित जुलै २०१४ मध्ये. मध्ये २०१० साली गुजरातमधल्या २००२ च्या हिंसाचाराचे स्त्रियांवर झालेले परिणाम या विषयावर समितीनं खास मागवलेल्या अहवालाची चर्चा झाली, ती वेगळी. एवढं वेळापत्रक पाहिलं तरी कळतं की 'या वर्षी अहवाल टाकू, पुढच्या वर्षी निकाल घेऊ' असला हिशेब इथं चालत नाही.

आता पहिली खिडकी सविस्तर. सरकारी अहवालाला २१,२०० शब्दांची मर्यादा आहे, आणि सरकार ती योजनांच्या नावांनी भरून टाकतं. त्याच्या समोर संघटना आपला अहवाल ठेवतात. याला कुणी छाया अहवाल म्हणतं, कुणी पर्यायी अहवाल. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा, म्हणजे संघटनांना तिथं मिळणारी औपचारिक मान्यता, लागत नाही. हे दोनदा वाचावं, कारण या गैरसमजापायी कितीतरी जिल्हा पातळीवरच्या संघटना घरीच बसतात. तो दर्जा मिळवणं हा वेगळाच डोंगर आहे. दलित हक्कांवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्याचा अर्ज २००८ पासून पडून होता, तो मार्गी लागायला डिसेंबर २०२२ उजाडला. सीडॉसाठी नोंदणी नसलेला गटसुद्धा लिहू शकतो.

पाठवण्याच्या वेळा दोन. पहिली, समिती सरकारला विचारायच्या प्रश्नांची यादी तयार करते तेव्हा. दुसरी, प्रत्यक्ष सुनावणीच्या काही आठवडे आधी. बहुतेक जण दुसरीच वेळ धरतात आणि तिथेच फसतात. समितीनं आता सुटसुटीत पद्धत आणली आहे: आधी प्रश्नांची यादी जाते आणि सरकारचा अहवाल म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरं. त्यामुळे यादीत विषय आला नाही तर सरकार त्यावर अवाक्षर काढत नाही, आणि सुनावणीच्या दिवशी तो घुसवणं जड जातं. एकदाच लिहिण्याइतकी ताकद असेल तर ती पहिल्या वेळेला खर्च करावी.

मजकूर कसा असावा, हे एका खऱ्या विषयावर पाहू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. या विषयाचा परिच्छेद 'बायकांवर अन्याय होत आहे' इथून सुरू झाला तर वाचणारा पुढच्या पानावर जातो. सुरुवात कलमापासून करावी: कलम १२ आरोग्य, कलम १४ ग्रामीण स्त्रिया, कलम ११ रोजगार, आणि सोबत ग्रामीण स्त्रियांवरची २०१६ ची सामान्य शिफारस क्रमांक ३४ (सामान्य शिफारस म्हणजे कलमांचा अर्थ उलगडणारी समितीची टिपणी). मग वस्तुस्थिती, शक्यतो सरकारच्याच कागदातली. स्वतःचं सर्वेक्षण असेल तर किती गावं, किती बायका आणि कोणत्या महिन्यात, हे एका ओळीत. मग सरकारनं काय केलं आणि काय अर्धवट सोडलं. शेवटी समितीनं करावी अशी शिफारस, म्हणजे कोणत्या खात्यानं, काय, किती मुदतीत. समितीचे लोक हाताशी वेळ नसलेले असतात. शिफारशीचं वाक्य जसंच्या तसं उचलता येईल असं लिहिलं तर ते उचललं जाण्याची शक्यता वाढते.

यात भाषांतराचा एक सापळा आहे. आपण 'कोयता' म्हणतो तेव्हा नवरा-बायकोची जोडी म्हणजे मजुरीचं एक एकक अभिप्रेत असतं. 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर दिली जाते, मुकादमाशी व्यवहार नवऱ्याच्या नावानं होतो आणि बाईच्या श्रमाची वेगळी नोंदच राहत नाही. पाळीच्या त्रासानं काम चुकलं की 'खाडा' लागतो आणि दंड उचलीत चढतो. इंग्रजीत याचं 'लोन' आणि 'कपल' केलं की सगळा मुद्दा सांडतो. मूळ शब्द रोमन लिपीत ठेवून एका वाक्यात समजावावा. बाईचा पगार तिच्या नावावर नसणं हाच कलम ११ चा भंग आहे, आणि तो या एका शब्दात दडलेला आहे. असे शब्द ओळखू शकणारा भाषांतरकार शोधायला वेळ लागतो; अहवालाच्या खर्चात ही रक्कम आधी बाजूला काढावी.

नेहमी होणाऱ्या चुका तशा थोड्याच आहेत. सगळ्या विषयांची खिचडी करणं ही पहिली. तीन मुद्दे नीट मांडलेला अहवाल तेवीस मुद्द्यांच्या अहवालापेक्षा जास्त वाचला जातो. दुसरी, वृत्तपत्रातली कात्रणं हाच एकमेव पुरावा. तिसरी फार गंभीर आहे: पीडित बाईचं नाव, गाव आणि रुग्णालय एकत्र छापून टाकणं. गाव आणि वय दिलं तरी ती ओळखू येते. अहवाल सहसा संकेतस्थळावर जाहीर होतात. गोपनीय ठेवायचा असेल तर पाठवतानाच तसं स्पष्ट लिहावं लागतं.

जिनिव्हाला जायचं की नाही? प्रवासाचा पैसा समिती देत नाही. शेंगेन व्हिसा, प्रवेशासाठी 'इंडिको' या ऑनलाइन प्रणालीवर प्रत्येकाची स्वतंत्र नोंदणी, आणि युरोपातल्या सर्वांत महाग शहरांपैकी एकात मुक्काम. बदल्यात मिळतं काय? सत्रातल्या ठरलेल्या वेळी संघटनांची सुनावणी होते. त्यात एका देशातून आलेल्या सगळ्यांना मिळून मोजकीच मिनिटं मिळतात. एका देशातून पंधरा संघटना आल्या आणि आपसात ठरवलं नसेल तर त्या मिनिटांचा चिवडा होतो. आधी बसून कोण कोणता मुद्दा बोलणार ते वाटून घ्यावं, आणि भाषण दुभाष्याला झेपेल अशा संथ गतीनं वाचावं. खरी किंमत आहे ती दुपारच्या अनौपचारिक भेटीला. तिथं सदस्य स्वतः प्रश्न विचारतात आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न सरकारी शिष्टमंडळाला ऐकावे लागतात. क्वालालंपूरची 'इव्रॉ एशिया पॅसिफिक' ही संस्था संघटनांना या सगळ्याची तयारी करून देते. शांती दैरियम या मलेशियन कार्यकर्तीनं १९९३ मध्ये ती सुरू केली, आणि पुढे त्या स्वतः समितीच्या सदस्य झाल्या. नवख्यांनी आधी तिचं मार्गदर्शन घ्यावं, निम्मी धडपड वाचेल.

सरकारशी संवाद होतो तो तीन-तीन तासांच्या दोन बैठकांत. प्रश्न कलमांच्या गटांनी जातात: १ ते ६, ७ ते ९, १० ते १४ आणि शेवटी १५-१६. विवाह, घटस्फोट आणि मालमत्ता हे विषय सोळाव्या कलमात येतात, म्हणजे सगळे दमलेले असताना आणि घड्याळ संपत आलेलं असताना. कौटुंबिक कायद्यावर काम करणाऱ्यांनी म्हणूनच आपला मुद्दा शक्य असेल तिथं कलम २ किंवा ५ शीही जोडावा, म्हणजे तो सकाळीच निघतो.

सुनावणी झाल्यावर शिफारशींचा दस्तऐवज येतो. २०१४ च्या दस्तऐवजात समितीनं भारताला सांगितलं की भारतीय दंडविधानाच्या कलम ३७५ मधला वैवाहिक बलात्काराचा अपवाद काढा, आणि सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याचा फेरविचार करून तो बदला किंवा रद्द करा. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्या कलम ६३ मध्ये तोच अपवाद कायम आहे, फक्त बायकोच्या वयाची अट पंधराऐवजी अठरा वर्षं झाली आहे. शिफारशीची ताकद किती, याचं हे उघड उत्तर. समितीकडे ना बेलिफ आहे ना जप्तीचं वॉरंट.

तरीही ही खिडकी बिनकामाची म्हणता येत नाही, कारण भारतात तिचा सगळ्यात मोठा लाभ संसदेतून नव्हे तर न्यायालयातून मिळाला. करारात स्त्रियांवरील हिंसेवर स्वतंत्र कलम नाही. समितीनं १९९२ मध्ये सामान्य शिफारस क्रमांक १९ काढून हिंसा हाही भेदभावच आहे असं स्पष्ट केलं. राजस्थानातल्या भंवरी देवी यांच्यावरील बलात्कारानंतर उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा करार आणि ही शिफारस हाताशी धरून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. देशात त्यावर कायदाच नव्हता. पोकळी होती ती या कागदानं भरली. पुढे २०१३ चा कायदा आला, त्याच्या प्रस्तावनेत कराराचा उल्लेख आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी आज जी अंतर्गत समिती असायला हवी, तिचं मूळ शोधत गेलं तर आपण सीडॉ समितीच्या एका शिफारशीपाशी पोचतो. वकिलांनी हे तंत्र शिकून घ्यावं. याचिकेत 'आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार' असं मोघम न लिहिता कलम, शिफारशीचा क्रमांक, परिच्छेद आणि वर्ष द्यावं, आणि संविधानाच्या अनुच्छेद ५१(सी) (आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर) व २५३ (करार राबवायला कायदा करण्याचा संसदेचा अधिकार) यांच्याशी त्याची सांगड घालावी.

मान्यता देताना भारतानं जोडलेल्या अटीही माहीत हव्यात, सरकारी वकील त्या पुढे करतातच. कलम ५(अ) आणि १६(१) बाबत भारताचं म्हणणं असं की कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही. कलम १६(२) मधल्या सक्तीच्या विवाह नोंदणीचं तत्त्व मान्य, पण चालीरीती, धर्म आणि साक्षरतेची पातळी इतकी भिन्न असलेल्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही, असंही लिहिलेलं आहे. गंमत अशी की पाचच वर्षांत, १९९८ मध्ये, महाराष्ट्रानं विवाह नोंदणीचा कायदा केला. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणीशिवाय लग्न पक्कं धरत नाहीत. आणि २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सर्वच राज्यांना सक्तीच्या नोंदणीचे नियम करायला सांगितलं. 'व्यवहार्य नाही' या सबबीला द्यायला हे उत्तर आपल्या घरचंच आहे, अहवालात वापरावं.

दुसरी खिडकी वैयक्तिक तक्रारीची. ती ६ ऑक्टोबर १९९९ च्या ऐच्छिक प्रोटोकॉलनं, म्हणजे देशांनी हवा तर स्वीकारायच्या पूरक करारानं, उघडली आणि २२ डिसेंबर २००० पासून चालू आहे. भारतानं या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, पाकिस्ताननंही नाही. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश आणि मालदीव त्यात आहेत. तेव्हा भारत सरकारविरुद्ध इथं अर्ज करून टपालाचा खर्चही करू नये.

मात्र एक बारकावा बऱ्याच मराठी घरांना लागू पडतो. तक्रार करणारीचं नागरिकत्व पाहिलं जात नाही, ती ज्या देशाच्या अधिकारक्षेत्रात आहे तो देश पाहिला जातो. ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे सगळे प्रोटोकॉलमध्ये आहेत. लेस्टर किंवा टोरांटोमध्ये राहणारी, भारतीय पासपोर्टची बाई तिथल्या पोलिसांनी किंवा न्यायालयानं केलेल्या भेदभावाविरुद्ध या खिडकीत जाऊ शकते. अमेरिकेतली जाऊ शकत नाही. दुबईतलीही नाही, अमिरातीनं करार मान्य केला आहे, प्रोटोकॉल नाही.

शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, निनावी तक्रार घेत नाहीत. नाव जाहीर होऊ नये अशी विनंती करता येते, पण सरकारला ते कळतंच. तक्रार दाखल करून घेतल्यावर सरकारला उत्तरासाठी सहा महिने मिळतात. जिवाला धोका असेल तर तातडीच्या उपायांची मागणी सुरुवातीलाच करावी, त्यासाठी अंतिम निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

दारातच परत पाठवल्या जाणाऱ्या तक्रारी बऱ्याच आहेत आणि कारण बहुधा एकच: देशातले उपाय संपवलेले नसतात. इथं एक खाचखळगा भल्याभल्यांना दिसत नाही. तुर्कस्तानातल्या एका शिक्षिकेला डोक्यावरच्या स्कार्फवरून नोकरीतून काढलं. ती देशातल्या न्यायालयांत लढून आली होती. तरी २००६ मध्ये समितीनं तक्रार दाखल करून घेतली नाही, कारण लिंगाधारित भेदभाव हा मुद्दा तिनं तिथल्या न्यायालयांसमोर मांडलाच नव्हता. म्हणजे जिनिव्हातली तक्रार खरं तर खालच्या कोर्टातल्या पहिल्या अर्जातच लिहायला घ्यावी लागते. परदेशी वकिलाला पहिल्या भेटीतच हे सांगावं.

दाखल झालेल्या तक्रारींचं काय होतं, याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. हंगेरीतल्या ए. टी. या बाईनं ऑक्टोबर २००३ मध्ये दाद मागितली. मारझोड करणाऱ्या जोडीदाराला न्यायालय घरातून काढायला तयार नव्हतं, कारण घरावर त्याचाही हक्क होता. जानेवारी २००५ मध्ये समितीनं म्हटलं की मालमत्तेचा हक्क बाईच्या जिवाच्या आणि शारीरिक-मानसिक सुरक्षिततेच्या वर ठेवता येत नाही. दुसरं स्पेनचं. अँजेला गोन्झालेझ कारेनो यांनी हिंसक नवऱ्याविरुद्ध तीसहून अधिक तक्रारी केल्या होत्या, तरी न्यायालयानं त्याला मुलीची देखरेखीशिवाय भेट मंजूर केली. २००३ मध्ये त्यानं मुलीचा खून केला. समितीनं २०१४ मध्ये स्पेनला दोषी धरलं, स्पेननं दुर्लक्ष केलं. त्या पुन्हा आपल्याच देशातल्या न्यायालयांत गेल्या आणि जुलै २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं समितीचा निर्णय बंधनकारक मानून ६ लाख युरो भरपाई दिली. खुनापासून भरपाईपर्यंत पंधरा वर्षं. निकाल चांगला, वेग असा.

तिसऱ्या खिडकीची पहिली चौकशी मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेझ शहरातल्या बायकांच्या खून-अपहरणांची होती, तिचा अहवाल २००५ चा. तीही प्रोटोकॉलमधूनच येते, त्यामुळे भारतापुरता विषय इथेच संपतो.

मग भारतातल्या एखाद्या तातडीच्या प्रकरणात करायचं काय? शेजारच्या दुकानात जावं. स्त्रियांवरील हिंसेसाठीच्या विशेष प्रतिवेदकाचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाचं, पद १९९४ मध्ये निर्माण झालं. पहिल्या प्रतिवेदक श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी. या पदाकडे लिहायला देशातले उपाय संपवण्याची अट नाही आणि प्रोटोकॉलचीही गरज नाही. ऑनलाइन अर्ज भरता येतो. प्रतिवेदकांना दखल घ्यावीशी वाटली तर सरकारला पत्र जातं, उत्तराला ६० दिवस, आणि नंतर पत्रव्यवहार जाहीर होतो. इथं पीडितेची संमती लेखी घेऊन ठेवावी. अट साधी आहे आणि घाईत सर्वांत जास्त वेळा तीच राहून जाते. दुसरा पर्याय मानवी हक्क परिषदेतल्या सार्वत्रिक आढाव्याचा. तिथं एका संघटनेला २,८१५ शब्द आणि संयुक्त निवेदनाला ५,६३० शब्द मिळतात. प्रश्न इतर देश विचारतात, त्यामुळे दिल्लीतल्या दूतावासांना आधी भेटणं अहवालाइतकंच महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगाच्या दर मार्चमधल्या न्यूयॉर्कच्या बैठकीत ओळखी भरपूर होतात. एखाद्या बाईला दाद मिळवून देण्याची ती जागा नव्हे.

पैसे एकाच तिकिटाचे असतील तर ते तिकीट काढू नये. तीच रक्कम भाषांतराला आणि तालुक्यातल्या आकडेवारीला लावावी, आणि जिनिव्हातली मिनिटं तिथं जाणाऱ्या, देशपातळीवरच्या संघटनांच्या आघाडीला देऊन आपला परिच्छेद तिच्या अहवालात घालून घ्यावा. सुनावणी संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर थेट दिसते. सकाळी दहाची बैठक आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारी दीडला लागते, हिवाळ्यात अडीचला. सरकारी अधिकारी आपल्या जिल्ह्याबद्दल तिथं काय सांगतात ते शब्दशः टिपून ठेवावं आणि पुढच्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराखाली त्याचे कागद मागवावेत.